कागदावरची कच्ची घरे

ग्रामपंचायतीच्या दप्तरात ‘नमुना आठ’ नावाची एक नोंदवही असते. गावातील प्रत्येक घर, त्याचा मालक, क्षेत्रफळ आणि त्यावर आकारला जाणारा कर यांची ती नोंद. कर आकारण्यासाठी घरांचे प्रकार ठरवून दिलेले आहेत. झोपडी किंवा मातीची इमारत हा पहिला. दगड-विटांची पण मातीत रचलेली इमारत हा दुसरा. दगड-विटांची, चुन्यात अथवा सिमेंटात बांधलेली ती पक्की. आणि सर्वांच्या वर आर.सी.सी. या उतरंडीत लाकडाचा उल्लेख कोठेही नाही. ज्या घराचा सगळा भार सागाच्या खांबांवर आणि तुळयांवर तोललेला आहे, ते घर सरकारच्या लेखी केवळ मातीचे आहे. मराठवाड्यातील गावोगावची जुनी घरे अशी कागदावर केव्हाच पडलेली आहेत; प्रत्यक्ष पडायला त्यांना थोडा अवधी लागतो, इतकेच.

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरी हे अशाच गावांपैकी एक. आजूबाजूच्या खेड्यांचे हे बाजाराचे गाव. अशा गावांना आता दोन चेहरे असतात. हमरस्त्याला लागून दिसतो तो चेहरा महाराष्ट्रातील कोणत्याही बाजारगावाचा आहे : शटरची दुकाने, पुढच्या मजल्याच्या आशेने वर सोडून ठेवलेले लोखंडी गज, आणि शुभेच्छांचे फलक. मूळ गाव मागे, गावठाणात असते. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना दगड-मातीच्या रुंद भिंती, भिंतीत एखादाच सागवानी दरवाजा, आणि आत गेल्यावर एकदम उघडणारा चौक. त्या चौकाभोवती खांबांच्या ओळी.

या घरांचे छत म्हणजे माळवद. पुण्या-मुंबईच्या वाचकाने वाडा म्हटला की कौलारू उतार डोळ्यांपुढे आणावा, हे स्वाभाविक आहे. पण गोदावरी-पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस बेताचा आणि ऊन बेसुमार, म्हणून इथले छत सपाट. दगडी उथळ्यावर सागाचा खांब, खांबांवर तुळई, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्यांचा पाट, पाटावर कडुनिंबाचा पाला आणि त्यावर मातीचा जाड थर. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. घर किती मोठे, हे सांगताना चौरस फुटांचा हिशेब नव्हता. पाच खणांचे घर, सात खणांचे घर असे म्हटले की ऐकणाऱ्याला सारे कळे. म्हणजे घराचे मापच लाकडाने ठरत असे. भिंती ही केवळ आडोशाची बाब होती.

वर टाकायची माती कोणतीही चालत नाही. ती पांढरीच लागते. आपल्या भाषेत गावाच्या जमिनीचे दोन भाग सांगितले आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या माणसे जेथे राहिली, जेथे चुली पेटल्या, राख पडली, भिंती ढासळल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, तेथील माती पांढुरकी होते. आणि पाणी अडवण्याचा गुण तिच्यात येतो. मृगापूर्वी माळवदावर पांढरी माती पसरून ती चोपणे हे मराठवाड्यातील घराघराचे वार्षिक काम होते. पूर्वजांच्या वस्तीचीच माती वंशजांच्या डोक्यावर छप्पर होऊन बसावी, याहून गाव आणि घर यांचे नाते वेगळे काय असते? (पैठण, तेर, भोकरदन येथील अशाच पांढरीच्या टेकाडांत सातवाहनकाळाचे अवशेष दडलेले आहेत. तेव्हा माळवदाच्या मातीसाठी टेकाडे खणून आपण थोडा इतिहासही उडवला, हे मान्य करायला हवे.)

या छताखाली राहण्यात काय सुख आहे, हे एप्रिल-मे महिन्यांत कळते. परभणीचा पारा त्या दिवसांत बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, हे वृत्तपत्र वाचणाऱ्या कोणालाही माहीत आहे. दोन-अडीच हात रुंदीची भिंत आणि हातभर मातीचे छत यांतून दिवसभराचे ऊन आत झिरपायलाच वेळ लागतो. तोवर सूर्य कलतो. चार-पाच इंचांचा सिमेंटचा स्लॅब मात्र दुपारी तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खाली ओतत राहतो. नव्या घरात राहायला गेलेली म्हातारी माणसे दुपारी पडायला जुन्या ओसरीवर येतात, ते काही केवळ जुन्याच्या मोहाने नव्हे. पंखा, मग कूलर, मग वातानुकूलन आणि त्यापाठोपाठ विजेचे बिल, अशी ही ‘पक्की’ प्रगती आहे.

मग लोक ही घरे का उकलतात? त्यांना दोष देणे सोपे आहे. ओसरीवर उजेड असतो, पण स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. छताला ठेवलेल्या साण्यातून जेवढा प्रकाश येईल तेवढ्यावर त्या घरातील स्त्रीने आयुष्य काढलेले असते. उंदीर-घुशी भिंती पोखरतात. पावसाची झड लागली की माळवद गळते, आणि मध्यरात्री वर चढून भोक बुजवायला आता घरात तरुण हात नसतो. तो पुण्यात किंवा संभाजीनगरात नोकरीला गेलेला असतो. नवी सून शौचालयाचा आणि न्हाणीघराचा प्रश्न विचारते, तो तिने विचारलाच पाहिजे. परंतु या साऱ्या अडचणींवर दुरुस्ती हे उत्तर आहे. आपण मात्र प्रत्येक वेळी पाडण्याचेच उत्तर निवडले, याची कारणे घराच्या बाहेर शोधावी लागतात.

पहिले कारण किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात भूकंप झाला. हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. मदतीला धावलेल्या स्वयंसेवकांनी दगड-मातीच्या ढिगांतून प्रेते बाहेर काढली, त्यांच्यावर अंत्यसंस्कार केले. ज्यांनी ते पाहिले, त्यांच्या मनात माळवदाविषयी जी भीती बसली ती खोटी नव्हती. परभणीपर्यंत ती भीती पसरली. ‘माळवद म्हणजे मरण’ असे समीकरण एका पहाटेत तयार झाले.

पण त्या भूकंपानंतर अभियंत्यांनी जे पाहिले, ते गावापर्यंत पोचलेच नाही. माणसे मारली ती प्रामुख्याने भिंतींनी. दगडाचे दोन पदर आणि मध्ये माती-खडीचे भरण अशी ती भिंत. दोन पदरांना जोडणारा आरपार दगड नाही, कोपऱ्यांत बांधणी नाही. हादरा बसताच पदर सुटून भिंती फुटल्या. जेथे छताचा भार थेट अशा भिंतींवर होता, तेथे ते कोसळले. जेथे तो भार लाकडी खांबांवर होता, अशा अनेक घरांत भिंती ढासळल्या आणि चौकट मात्र उभी राहिली. छताचे वजनही वाढलेले होते, कारण दरवर्षी नवी माती टाकताना जुनी काढण्याचा कष्टाचा भाग लोकांनी सोडून दिला होता. थरावर थर चढत गेले. थोडक्यात, लाकडाने शक्य तेवढे पेलले. चूक रचनेच्या मूळ कल्पनेत कमी आणि तिच्या हलगर्जी पालनात अधिक होती. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घालणे, भिंतींभोवती पट्टा बांधणे, खांब व तुळई यांच्या सांध्यात तिरपे टेकू देणे, छतावरची जादा माती उतरवणे, हे उपाय तेव्हाच सुचवले गेले. मातीत रचलेल्या दगडी बांधकामाच्या भूकंपरोधासाठी भारतीय मानक संस्थेने १९९३ मध्येच स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ती गावच्या गवंड्याच्या हाती कोणी दिली? बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, रुंद रस्त्यांची आणि आखीव प्लॉटांची. उर्वरित मराठवाड्याने त्यातून एवढाच बोध घेतला की सिमेंट तेवढे सुरक्षित. वाळूत आणि गजांत काटकसर करून, गावच्या ठेकेदाराकडून उभारलेला स्लॅब भूकंपात काय करील, याचा विचार करायला कोणाला सवड नव्हती.

दुसरे कारण शासकीय कागदाचे. १९८५ पासून इंदिरा आवास आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना यांनी लक्षावधी गरिबांना घर दिले. ज्याच्या डोक्यावर पाचट होते त्याला छप्पर मिळाले, ही सामान्य गोष्ट नाही आणि तिची थट्टा शहरात बसून करू नये. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य आणि किमान पंचवीस चौरस मीटरचे घर असे तिचे स्वरूप ठरले. पण पात्र कोण, तर ज्याचे घर कच्चे तो; आणि कच्चे म्हणजे कच्च्या भिंतींचे आणि कच्च्या छताचे. गळक्या पाचटाखालील कुटुंब आणि चार सागवानी खणांच्या माळवदाखालील अल्पभूधारकाचे कुटुंब या व्याख्येत एकाच रांगेत उभे राहते. त्या अल्पभूधारकाला त्याच पैशांतून जुने घर नीट करता आले असते : भिंत सांधून, माती हलकी करून, न्हाणीघर जोडून. तशी सोय नाही. साहाय्य नव्या बांधकामालाच. म्हणून तो आपले खांब काढून विकतो आणि त्या जागी पत्र्याची किंवा स्लॅबची खोली उभारतो. विशेष म्हणजे याच योजनेसाठी केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने प्रदेशानुरूप घरांच्या नमुन्यांचा ‘पहल’ नावाचा संग्रह सिद्ध केला; स्थानिक सामग्री आणि हवामान यांचा विचार दिल्लीला सुचतो, तो पंचायत समितीच्या टेबलापर्यंत येता येता वाळून जातो.

तिसरे कारण घरातले आहे. तीन भाऊ, तीन वाटण्या, आणि एक चौक. खण वाटता येतात, चौक वाटता येत नाही. मग मधोमध विटांची भिंत येते, खांबाचा अर्धा भाग एकाकडे आणि अर्धा दुसऱ्याकडे. दुरुस्तीला कोणीच हात लावत नाही, कारण खर्च एकाचा आणि लाभ तिघांचा. अशा वेळी जुन्या लाकडाचा व्यापारी दारात येतो. शंभर वर्षे वाळलेल्या सागाला मोल आहे, हे त्याला नेमके कळते. मालकाला ते मोल लाकडाच्या घनफुटांतच दिसते. नक्षीचा दरवाजा, कमानीची महिरप, खांबांची जोडी ट्रकवर चढते आणि शहराजवळच्या एखाद्या विश्रामगृहाच्या दर्शनी भागात शोभा म्हणून उभी राहते. तेथे आपलीच माणसे सुटीच्या दिवशी पैसे देऊन ‘पारंपरिक वातावरणात’ पिठले-भाकरी खातात. त्या खांबाला टेकून ज्याचा आजा हिशेब लिहीत असे, तो तेव्हा गावात पत्र्याखाली घाम पुसत असतो.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू, म्हणजे या साप्ताहिकाच्या वाचकांकडे. संस्कृती हा शब्द आपल्या तोंडी इतरांपेक्षा अधिक असतो. मग गावातल्या देवळाचा लाकडी सभामंडप उतरवून तेथे स्लॅब टाकणाऱ्या आणि गाभाऱ्याला चकचकीत फरशी लावणाऱ्या समित्यांत कोण असते? बहुतेक ठिकाणी आपलीच सज्जन, सश्रद्ध, वर्गणी देणारी मंडळी. खांबांच्या त्या सभामंडपात भजनाचा आवाज लाकडात मुरून गोड होत असे. स्लॅबखाली तोच आवाज कर्कश घुमतो आणि मग त्यावर उपाय म्हणून ध्वनिवर्धक येतो. या सगळ्याला आपण जीर्णोद्धार म्हणतो. जे जीर्ण झाले त्याचा उद्धार, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ आहे. जे जीर्ण झाले ते नाहीसे करणे हा अर्थ कोणत्या कोशातून आला? आक्रमकांनी पाडलेल्या मंदिरांविषयी आपण जे बोलतो ते बोलत राहिलेच पाहिजे. पण गावच्या सभामंडपावर कोणी परका चालून आलेला नव्हता.

असे करणारे आपण एकटे नाही, आणि ज्यांनी असे केले त्यांतील काही सावरलेही. नॉर्वे या थंड देशात मध्ययुगातील लाकडी चर्चे होती, उभ्या खांबांवर तोललेली. एके काळी त्यांची संख्या हजाराच्या घरात होती. आज अठ्ठावीस उरली आहेत. ती कोणा शत्रूने नष्ट केली नाहीत. १८५१ मध्ये तेथे कायदा झाला की चर्चमध्ये परिसरातील तीन-दशांश लोकसंख्या मावली पाहिजे. जुनी चर्चे लहान पडली, आणि गावकऱ्यांनीच ती उतरवून मोठी, नवी बांधली. वांग या गावचे असेच एक चर्च चित्रकार योहान क्रिस्तियान डाल याने लिलावात विकत घेतले तेव्हाच वाचले, आणि तेही देशाबाहेर, आजच्या पोलंडमध्ये जाऊन. पण १८४४ मध्ये काही जाणत्या लोकांनी संस्था काढली, पाडण्याच्या वाटेवरची चर्चे विकत घेतली, सांभाळली. पुढे लिलेहामर येथील आंदेर्स सांडविग या दंतवैद्याने खोऱ्यातील शेतकऱ्यांची लाकडी घरे आणि धान्याची कोठारे जमवायचा ध्यास घेतला; त्यातून १९०४ मध्ये माइहाउगेन हे खुले संग्रहालय उभे राहिले. पुढच्याच वर्षी नॉर्वे स्वीडनच्या राजसत्तेतून मुक्त झाले. या दोन गोष्टींचा संबंध केवळ तारखांचा नाही. ज्या राष्ट्राला शतकानुशतके स्वतःची राजधानी वा दरबार नव्हता, त्याने आपली ओळख शेतकऱ्याच्या लाकडी घरात शोधली. मराठवाडाही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. दरबार परका, दफ्तराची भाषा परकी. मराठी जगली ती या ओसऱ्यांवर, देवघरांत आणि सभामंडपांत. मग त्यांच्याकडे आपण केवळ सरपण म्हणून का पाहावे?

येथे एक आक्षेप येतो, आणि तो बाजूला सारण्याजोगा नाही. वाडा म्हणजे सरंजामशाही. त्याच्या ढेलजेबाहेर ज्यांना उभे केले, उंबरठा ज्यांना ओलांडू दिला नाही, त्यांनी त्या लाकडासाठी हळहळावे कशाला? समरसतेची भाषा बोलणाऱ्यांनी या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे. उत्तर असे की तो उंबरठा अन्यायाचा होता आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण माळवद ही केवळ देशमुख-देशपांड्यांची मिरास नव्हती. दोन खणांचे माळवद कुणब्याचेही होते, सुताराचेही होते, गुरवाचेही होते. आणि मोठ्या वाड्याचा खांब उभा केला तो सुताराने, उथळा घडवला तो पाथरवटाने, माती वाहिली ती कष्टकऱ्यांनी. वाडा पाडल्याने तो अन्याय पुसला जात नाही; ज्यांनी तो घडवला त्यांच्या हाताची खूण मात्र पुसली जाते. आज खिळ्याशिवाय सांधा जोडणारा सुतार शोधायला निघालात तर गावेच्या गावे पालथी घालावी लागतील. त्याचा मुलगा प्लायवूडचे कपाट बनवतो. यात त्या मुलाचा काय दोष? त्याच्याकडे जुने काम घेऊन कोणी गेलेच नाही.

जुन्या परभणी जिल्ह्यातील, आज हिंगोलीत असलेल्या कडोळी या गावी नानाजी देशमुखांचा जन्म झाला. सत्तेचे राजकारण सोडून खेड्याकडे वळलेल्या या माणसाचा आग्रह असे की गावाचा विकास गावाच्या स्वतःच्या सामर्थ्यावर उभा राहावा. त्यांच्याच प्रदेशात ग्रामविकासाचे काम करणाऱ्यांनी घरांचा प्रश्न हाती घेऊ नये, हे बरे दिसत नाही. त्यासाठी संग्रहालय नको. खांबांना दोरी बांधून आत येऊ नका असे लिहिणे, हा घराचा अपमान आहे. चूल पेटली, लेकरे खेळली तरच ते घर.

प्रारंभ अगदी साध्या गोष्टीपासून होऊ शकतो. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊन घरमालकांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. ड्रोनला वरून छत दिसते, खांब दिसत नाहीत. बोरीसारख्या गावातील महाविद्यालयीन तरुणांनी सुटीचे चार दिवस काढून घरोघर जावे आणि मोजणीत सुटले ते वहीत उतरवावे : खण किती, खांबांची स्थिती काय, भिंत कोठे फुगली आहे, माळवदावर माती किती चढली आहे, घरात कोण राहते, दुरुस्ती करण्याची त्यांची इच्छा आहे का. जुन्या सुतार-गवंड्यांची नावेही त्याच वहीत यावीत. ही वही ग्रामसभेपुढे ठेवावी आणि दोन ठराव मागावेत. एक, नमुना आठमध्ये लाकडी चौकटीच्या घराची शेऱ्याच्या रकान्यात स्वतंत्र नोंद व्हावी. दुसरा, आवास योजनेत अशा घराच्या सुरक्षित दुरुस्तीला साहाय्य मिळावे, अशी शिफारस शासनाकडे जावी. देवस्थान समित्यांशी बोलणे हे आपले घरचे काम. त्याला ठराव लागत नाही, फक्त थोडे धैर्य लागते, कारण देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी लाकडी खांबावर बसत नाही.

ग्रामसभा १ मे रोजी भरते. मृग त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी. तोवर माळवदे उन्हाने कोरडी असतात, वरची जादा माती उतरवून खालचा पाट तपासायला याहून योग्य काळ नाही. पाऊस सुरू झाल्यावर त्या कामाला कोणी हात लावीत नाही.